धरावा तर खावा!

खानदेशी माणसाचा समुद्राशी थेट संबंध नाही. जो काही आहे तो तापीमार्फत. मुलताईला उगम पावलेली ही बाई आमच्या खानदेशातून जाते आणि सुरतेच्या पलीकडे समुद्राला मिळते. उद्या समुद्राने आम्हाला पत्र टाकायचं मनात आणलंच, तर त्याला 'मार्फत तापीबाई, मुक्काम सुरत' असाच पत्ता घालावा लागेल. काटा म्हटला की कोकणातल्या माणसाला मासा आठवतो, आम्हाला भरिताच्या वांग्याचा देठ. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की पाण्याबद्दल आमचा एकच प्रश्न असतो, "आज नळ किती वाजता येणार?" अशा माणसाने खोल समुद्रातल्या मासेमारीवर तोंड उघडावं, म्हणजे कॅशियरने नवकवितेवर बोलण्यासारखं आहे. पण वाचकहो, मी तोंड उघडणार आहे. एक तर त्यासाठी मी नऊ हजार रुपये भरले आहेत; आणि दुसरं म्हणजे तिथे माझ्याआधी एका माशाने तोंड उघडलं होतं, त्याचं काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे.

या सगळ्याला कारण आमचे साडू. साडू हे नातं रक्ताचं नसतं, पण रक्तदाब वाढवण्याची पूर्ण सोय त्यात केलेली असते. आमचे साडू पुण्यात असतात आणि दर वर्षी एक नवा छंद धरतात. एके वर्षी त्यांनी सायकल घेतली. तिची किंमत ऐकून मला वाटलं, सायकलबरोबर एखादा चालवणारा माणूसही देत असावेत. यंदा त्यांनी मासेमारी धरली. साधी नव्हे, 'स्पोर्ट फिशिंग'. भाड्याची बोट घ्यायची, खोल समुद्रात जायचं, छडीने मोठा मासा धरायचा, त्याच्याबरोबर फोटो काढायचा आणि मासा परत समुद्रात सोडून द्यायचा.

"सोडून द्यायचा?" मी फोनवर विचारलं.

"अर्थात! भाऊसाहेब, हा खेळ आहे. आपण काही खादाड नाही."

बँकेच्या एलएफसीची मुदत संपत आली होती, दोघी बहिणींचं परस्पर ठरलं होतं, आणि अशा वेळी नवऱ्याचं मत म्हणजे खात्यावरची दुसरी सही: लागते, पण पाहत कुणी नाही. भुसावळला मंगला एक्स्प्रेस पकडली, कोकणात उतरलो आणि पुढे एसटीने मालवण गाठलं.

साडू आधीच येऊन थांबले होते. नाकापर्यंत ओढलेलं फडकं, डोळ्यांवर काळा चष्मा, हातांत बोटं कापलेले मोजे. या वेषात हे गृहस्थ आमच्या शाखेत शिरले असते, तर मी टेबलाखालचं धोक्याच्या घंटेचं बटण दाबलं असतं. मग त्यांनी पेटी उघडली. आत रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे मासे होते. एकाला डोळे, एकाला खवले, एकाच्या पोटात खुळखुळा. एकेकाची किंमत बाराशे रुपये. मी हिशेबाचा माणूस. समोरच बाजारात तेवढ्या पैशांत पिशवीभर खरे बांगडे मिळत होते. म्हणजे खऱ्या माशाला फसवायला त्याच्याहून महाग खोटा मासा, आणि फसवून झालं की खरा परत समुद्रात! बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत असा व्यवहार मला कुणी शिकवला नव्हता.

सकाळी सहाला बोट निघाली. तांडेल साठीचा, काटक. बरोबर त्याचा मुलगा. सिंधुदुर्ग किल्ला डाव्या हाताला होता, आणि तो मागे पडतो न पडतो तोच मला बोट लागली. खानदेशी शेवभाजीच्या तर्रीने जे पोट चाळीस वर्षांत हललं नाही, ते अरबी समुद्राने चाळीस मिनिटांत हलवलं. मी कठड्याला धरून पाण्याकडे तोंड केलं. साडू म्हणाले, "उत्तम! त्याने मासे जमतात." आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या हातून एवढी निःस्वार्थ समाजसेवा घडत होती.

दोन तासांनी साडूंच्या छडीला ओढ लागली. "मोठा आहे! मोठा आहे!" ते ओरडले. मग मासा 'खेळवणं' सुरू झालं. दोरी सैल सोडायची, त्याला वाटू द्यायचं की सुटलो, मग गुंडाळायची. तो दमला की ओढायचं, जोर करू लागला की सोडायचं. साडू मला हे मोठ्या उत्साहाने समजावत होते. त्यांना काय माहीत, कर्जवसुलीच्या खात्यात मी सहा वर्षं काढली आहेत!

वीस मिनिटांनी मासा वर आला. चांगला दहा-बारा किलोंचा गोब्रा. पण त्याचं काहीतरी बिघडलं होतं. डोळे खोबणीतून बाहेर आले होते आणि तोंडातून फुग्यासारखं काहीतरी लोंबत होतं. मला वाटलं, प्लॅस्टिकचा मासा गिळला असावा. तांडेलाचा मुलगा म्हणाला, तो त्याचाच कोथळा. याचं कारण सोपं आहे. अशा माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. तीस मीटर खोलीवर दाब वरच्याच्या चौपट. तिथून त्याला भराभर वर ओढला की ती हवा चौपट फुगते आणि आतला ऐवज तोंडावाटे बाहेर ढकलते. मी कॉमर्सचा असलो तरी बॉइलचा नियम शाळेत घोकलेला आहे. तो कुणाच्या पोटात घडताना मात्र पहिल्यांदाच पाहिला.

आणि मग फोटो. पहिल्या फोटोत माझं बोट आलं. दुसऱ्यात साडूंचे डोळे मिटले. तिसऱ्यात मासा नीट दिसेना, म्हणून त्याला जरा पुढे धरला, म्हणजे मोठा दिसतो. एवढा वेळ तो गोब्रा कल्ले उघडझाप करत साडूंच्या हातावर होता. मग साडूंनी दोन्ही हातांनी, विसर्जनाला गणपती सोडावा तशा भक्तिभावाने, त्याला पाण्यात सोडला. "जा बाबा, जग!"

तो गेला नाही. पोट वर करून तिथेच तरंगत राहिला. डोक्यावर एक घार घिरट्या घालू लागली. साडू दुसरीकडे बघू लागले. तांडेलाने काही न बोलता बोट वळवली, जाळीने त्याला उचलला आणि बर्फाच्या खोक्यात टाकला.

"अहो, पण आपण सोडला होता!" साडू म्हणाले.

"पाव्हण्यांनू, ह्यो आता जगाचो नाय. हयसर टाकून काय करूचा? घराक न्हेतंय."

रात्री त्याच्याकडेच जेवायला होतो. गोब्र्याची आमटी झाली होती. 'आपण काही खादाड नाही' म्हणणाऱ्या साडूंनी तीनदा वाढून घेतली. आणि जेवता जेवताच मोबाईलवर फोटो टाकला, खाली मजकूर: 'धरला, आणि सन्मानाने सोडला.' गोब्रा तोवर सन्मानाने त्यांच्या पोटात पोचलेला होता.

तर माझं भांडण इथून सुरू होतं. मासे खाण्याशी माझं भांडण नाही. मासे धरून पोट भरणाऱ्यांशी तर मुळीच नाही. माझं भांडण आहे ते मासा धरण्याला 'खेळ' म्हणण्याशी. खेळ म्हटला की दोन बाजू लागतात आणि आपण खेळतो आहोत हे दोघांनाही ठाऊक असावं लागतं. इथे एक बाजू बिस्किटं खात छडी धरून बसलेली, आणि दुसरी आपला जीव वाचवते आहे. एकाचा डाव आणि दुसऱ्याचं आयुष्य पणाला! गल्लीतलं पोरगंसुद्धा असला गडी घेणार नाही.

साडू हार मानणारे नव्हेत. त्यांनी इतिहास काढला. म्हणाले, 1898 साली कॅलिफोर्नियात चार्ल्स होल्डर नावाच्या गृहस्थाने छडी आणि दोरी यांवर 183 पौंडांचा ट्यूना धरला, लगेच ट्यूना क्लब काढला आणि नियम केला की दोरी बारीक वापरायची, म्हणजे माशालाही संधी मिळते. पुढे 1939 साली या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, तिचं नियमांचं पुस्तक आहे. मी म्हटलं, "पुस्तक आहे हे मान्य. पण त्यावर माशांच्या बाजूने सही कुणी केली?" बारीक दोरीने माशाला संधी मिळते म्हणतात, पण कसली? जास्त वेळ ओढला जाण्याची. फासाची दोरी बारीक केली म्हणून फाशी जाणाऱ्यावर उपकार होत नाहीत.

मग त्यांनी हेमिंग्वे काढला. पुणेकर साडूंकडे शेवटचा पत्ता नेहमी साहित्याचा असतो. "अहो, पु. लं.नी ज्याचं 'एका कोळियाने' केलं, ते पुस्तक म्हणजे याच खेळाचं महाकाव्य!" इथे मात्र मी त्यांना गाठलं. कारण ते पुस्तक मी वाचलेलं आहे, आणि साडूंनी बहुधा त्याचं मुखपृष्ठ. हेमिंग्वे स्वतः हौशी मासेमार होता, 1934 पासून त्याची 'पिलार' नावाची स्वतःची बोट होती. पण 1952 साली पुस्तक छापलं तेव्हा त्याने नायक कुणाला केलं? काळा चष्मा लावलेल्या हौशी पाहुण्याला नाही. चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेल्या म्हाताऱ्या, गरीब कोळ्याला केलं. तो म्हातारा माशाशी झुंजतो ते पोटासाठी आणि धंद्याच्या इज्जतीसाठी. फोटो काढून मासा सोडून देणाऱ्या नायकावर त्याने पुस्तक लिहिलं असतं, तर नोबेल सोडाच, आमच्या बँकेच्या गृहपत्रिकेनेही ते साभार परत पाठवलं असतं.

"माशाला दुखत नाही हो," हे पुढचं. यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण 2003 साली स्कॉटलंडच्या रॉस्लिन संस्थेत लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि सौम्य आम्ल टोचून पाहिलं. ज्यांना आम्ल टोचलं, ते मासे तळच्या खड्यांवर ओठ घासू लागले. आणि टोचलेल्या माशांनी कितीतरी वेळ अन्नाला तोंड लावलं नाही. आमच्या शाखेतल्या शिपायाची दाढ दुखत होती तेव्हा तोही हेच करत होता. स्वित्झर्लंडने 2009 पासून, परत सोडण्याच्याच इराद्याने मासा धरायला बंदी घातली आहे. ज्या देशात बँकेतल्या पैशाला कुणी काही विचारत नाही असा लौकिक होता, तो देश माशाची चौकशी करतो, तेव्हा त्यात काहीतरी तथ्य असावं.

आता दुसरी बाजू. हौशी लोकांमुळे काही मासे वाचतातही. लोणावळ्याला टाटांनी महाशीरची पैदास करून लाखो पिल्लं जागोजागी सोडायला दिली, त्या कामाला छडीवाल्यांचं प्रेम उपयोगी पडलं असणार, हे मी नाकारत नाही. आणि सगळ्यात खरा मुद्दा साडूंनी मांडलाच नाही, तो तांडेलाने मांडला. मी विचारलं, "तुम्हाला हे आवडतं का हो, पाहुण्यांना मासे धरायला नेणं?" तो हसला. म्हणाला, "जाळ्यात मासो गावणा नाय, साहेब. पाव्हणे गावतत."

त्याच्या बापाने किनाऱ्यावर रापण ओढली. त्याने स्वतः होडी घातली. मग पर्ससीनची मोठी जाळी आली, रात्रीचे दिवे लावून मासे गोळा करणारे आले. राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा 1981 चा. पर्ससीनवर 2016 साली निर्बंध आले, एलईडी दिव्यांवर 2017 साली बंदी आली. कागद आमच्या बँकेतल्यासारखे सगळे व्यवस्थित आहेत. पण मालवणचे छोटे मच्छीमार त्यांच्या अंमलासाठी पुन्हा पुन्हा आंदोलनं करत आले आहेत. वर पावसाळ्यात, 1 जून ते 31 जुलै, बंदी. ती तो मुकाट्याने पाळतो, कारण तेव्हा मासे अंडी घालतात. अशा माणसाला एका दिवसाचे अठरा हजार देणारा पाहुणा भेटला, तर तो काय 'नको' म्हणेल? तेव्हा या मुद्द्यापुढे मी टोपी काढतो. पण टोपी काढूनही विचारतो, की त्याला पैसे मिळायला गोब्र्याचा कोथळा बाहेर पडलाच पाहिजे का? अठरा हजार तांडेलाला मिळाले ते समुद्राच्या माहितीचे, बोटीचे आणि डिझेलचे. कोथळ्याचे वेगळे पैसे कुणी लावले नव्हते.

त्याच बोटीवर मी आणखी एक गोष्ट पाहिली. दुपारी मुलाच्या गरीला वीतभर पिल्लू लागलं. तांडेलाने हात ओला केला, मासा पाण्याबाहेर पुरता न काढताच गरी सोडवली, आणि ते सुळकन गेलं. फोटो नाही, भाषण नाही, 'जा बाबा, जग' नाही. महाराष्ट्र सरकारने 2023 साली 54 जातींच्या माशांना, याहून लहान धरू नये, अशी मापं ठरवून दिली. तांडेलाचं माप त्याच्या हातातच होतं. सोडणं म्हणतात ते हे! साडूंचं सोडणं म्हणजे सकाळी पैसे काढून दुपारी तेच पैसे भरणारा खातेदार. पासबुकात दोन नोंदी दिसतात, शिल्लक जिथल्या तिथे, आणि मधल्या वेळात नोटा मात्र चुरगळलेल्या.

हे सगळं मला एवढं का लागलं, याचा मी परतीच्या गाडीत विचार करत होतो. दोन कारणं सापडली.

पहिलं जुनं. माझं लहानपण धुळ्याचं. तेव्हा पांझरेला पाणी असायचं, हे आता शपथेवर सांगावं लागतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे भोईबाबा राहायचे. त्यांच्याबरोबर मी गळ टाकायला जायचो. एकदा मी चार मासळ्या धरल्या, खेळलो आणि काठावर टाकून दिल्या. बाबांनी माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि म्हणाले, "खावाना व्हई ते धर. नही ते त्याले पानीमा ऱ्हाऊ दे." पुढे महिनाभर त्यांनी मला काठी दिली नाही. एवढं छोटं नियमपुस्तक मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि त्यात दुरुस्ती करायची गरज मला अजून सापडलेली नाही.

दुसरं कारण नवं आहे, आणि सांगायला जरा जड जातं. मार्चअखेर जवळ आली की आमच्या शाखेला विम्याच्या पॉलिसींचं टार्गेट येतं. दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त मास्तर ठेव ठेवायला माझ्या खिडकीशी आले. टार्गेटला एक कमी पडत होती. मी गोड बोललो. थोडी दोरी सैल सोडली, थोडी गुंडाळली. अर्ध्या तासात मास्तरांनी ठेवीऐवजी पॉलिसीवर सही केली. शाखेत पेढे वाटले, आमचा फोटोही निघाला. सहा महिन्यांनी बायकोच्या ऑपरेशनसाठी पैसे हवेत म्हणून ते आले, तेव्हा ते पैसे काढता येत नव्हते. ते काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत उभे राहिले. गोब्र्याचे डोळे बघून मला ते का आठवले, हे बॉइलच्या नियमात बसत नाही.

म्हणून आता माझं सांगणं एवढंच आहे, आणि ते साडूंना, मला आणि टार्गेट देणाऱ्यांना सारखंच लागू आहे. समुद्रावर जरूर जा. तांडेलाला त्याचे पूर्ण पैसे द्या, घासाघीस करू नका. त्याच्या बोटीत बसून लाटा बघा, किल्ला बघा, बोट लागली तर समाजसेवा करा. मासा खायचा असेल तर मापाचा एक धरा, पटकन संपवा आणि काट्यापर्यंत खा. पिल्लू लागलं तर फोटो न काढता सोडा. पण खायचा नाही, विकायचा नाही, नुसतं 'मी धरला' एवढंच जगाला दाखवायचं आहे, अशासाठी कुणाच्या जबड्यात गळ घालू नका. स्वतःचा मोठेपणा मोजायला दुसऱ्याचा जबडा हे माप नव्हे.

साडूंना हे पटलेलं नाही. पुढच्या वर्षी ते अंदमानला जाणार आहेत, तिथे म्हणे मासे आणखी मोठे आहेत. घरी आल्यावर मी आईला त्यांचा फोटो दाखवला आणि सगळी हकीगत सांगितली. आईने चष्मा लावून फोटो पाहिला. माशाकडे पाहिलं, मग साडूंकडे पाहिलं, आणि विचारलं, "धरी, फोटू काढी सोडी दिधा? मंग गयथात कसाले रे भाऊ?"

या प्रश्नाचं उत्तर नऊ हजार रुपये भरूनही मला देता आलं नाही. मी मुकाट्याने ताट वाढायला सांगितलं. भरीत होतं. काटे फक्त देठाला होते.